रिक्षाचा रिव्हर्स पडत नाही? इंजिन खोलायच्या आधी एवढं बघून घ्या

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात सांगलीत गावभागातल्या एका बोळात आजींना सोडायला गेलो होतो. बोळ इतका बारीक की दोन्ही बाजूला हातभर जागा आणि खाली उघडी गटार, पुढं सरळ भिंत. आजी उतरल्या, मी रिव्हर्सचा लिव्हर ओढला आणि लिव्हर हातात एकदम लुळा आला, काही अडकल्यासारखं लागलंच नाही. पहिला टाकून क्लच सोडला तर रिक्षा पुढंच जायला लागली. शेवटी दोन पोरांनी पुढनं ढकलत ढकलत मेन रोडपर्यंत मागं आणली, पावसात भिजत. साडेतीनशे किलोची गाडी आहे ती, सायकल नव्हे.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली तर त्यांनी लिव्हर एकदा हलवून बघितला आणि सांगितलं इंजिन उतरवावं लागेल, आतले दाते गेलेत, चार दिवस गाडी ठेवा. चार दिवस गाडी बंद म्हणजे घरात काय होतं ते रिक्षावाल्यालाच माहीत. माझं मन मानेना म्हणून एका जुन्या मिस्त्रीकाकांकडं नेली. त्यांनी मागं वाकून बघितलं, हात घातला आणि तुटलेली वायर (लिव्हरची ओढ गियर बॉक्सपर्यंत नेणारी केबल, विजेची तार नव्हे) बाहेर काढून माझ्या हातात दिली. तारा झाडूसारख्या फिस्कटलेल्या आणि टोकाची शिशाची गोळी जागेवर नाहीच. नवीन वायर टाकून अर्ध्या तासात गाडी सुरू. त्या दिवसापासून मी स्टँडवरच्या प्रत्येकाला सांगतोय आणि आज इथं सविस्तर लिहितोय, की रिव्हर्सचा बिघाड बहुतेक वेळा गियर बॉक्सच्या बाहेर असतो, त्यामुळं बाहेरून सुरू करा आणि मग आत जा.

आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ, कारण एकदा समजलं की निम्मं निदान जागेवर उभ्या उभ्या होतं. आपल्या हँडलवाल्या रिक्षात डाव्या मुठीला क्लच आणि गियर, मूठ फिरवली की गियर पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. रिव्हर्स मात्र त्या मुठीत नाही. त्याला ड्रायव्हर सीटजवळ वेगळा लिव्हर आहे आणि तो लिव्हर फक्त दिशा बदलायचं काम करतो. म्हणजे लिव्हर रिव्हर्सला टाकायचा आणि मग मुठीतला पहिला गियर टाकायचा, तोच पहिला जो पुढं जाताना टाकतो. हे ज्याला पटत नाही त्यानं आमच्या सांगलीशेजारच्या हरिपूरची स्पर्धा आठवावी, कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराची यात्रा असते तिथं रिव्हर्स रिक्षा चालवायची शर्यत झाली होती, व्हिडिओ सगळ्या देशानं बघितला. रिक्षा उलट्या दिशेनं अशी पळते ती उगाच नाही, गियर तेच असतात, फक्त दिशा उलटी होते. आपण रोजच्या रस्त्यावर पहिल्याच्या पुढं जायचं नाही हा भाग वेगळा.

आता यातनं काय कळलं बघा. पुढं जाताना चारी गियर नीट पडतायत, गाडी ओढतेय, क्लच घसरत नाही आणि फक्त रिव्हर्सलाच त्रास आहे, तर मुठीच्या गियर वायरी बऱ्या आहेत, क्लच प्लेटा बऱ्या आहेत, इंजिन बरं आहे. बिघाड लिव्हरपासून आतल्या दिशा बदलायच्या दात्यांपर्यंतच्या रस्त्यात कुठंतरी आहे. आणि पुढंपण त्रास आहे, गियर कर्रकर्र वाजतायत, गाडी दम सोडतेय, तर रिव्हर्सला दोष देऊ नका, क्लच बघा आधी. गॅरेजला गेल्यावर पहिलं हेच सांगा, पुढं बरोबर चालते की नाही, मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या रिक्षांचं इंजिन पुढं, ड्रायव्हरच्या सीटखाली असायचं. बजाजनं १९७७ मध्ये मागच्या इंजिनाची रिक्षा आणली, आरई नावातला आर आणि ई म्हणजे रिअर इंजिन. इंजिन मागं गेलं त्यामुळं आवाज, उष्णता मागं गेली ते चांगलंच झालं, पण लिव्हर पुढं आणि गियर बॉक्स मागं असं झालं. मधे ती रिव्हर्सची वायर गाडीच्या पोटाखालनं जाते, चिखल, पाणी, धूळ सगळं खात. क्लच वायर रोज शेकडो वेळा हलते म्हणून गंजायला वेळ लागतो, तुटायच्या आधी जड होते, कळतं. रिव्हर्सची वायर दिवसातनं दोन-चारदा हलते, काहींची तर आठवड्यातनं एकदा, त्यामुळं ती बसल्या जागी गंजते आणि ऐनवेळी दगा देते.

तर सुरुवात लिव्हरपासून. रिक्षा सपाट जागेवर लावा, इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकाला दगड लावा. आता सीट उचला आणि लिव्हरच्या आजूबाजूला काय काय कोंबलंय ते आधी बाहेर काढा. फडकं, पाना, पाण्याची बाटली, स्पेअर प्लग, पासिंगच्या कागदाची पिशवी. आपण सगळे तिथं कोंबतो. आमच्या स्टँडवर एकाची रिक्षा अचानक ना पुढं जाईना ना मागं, रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडतंय, सगळे म्हणाले क्लच प्लेट गेली, दोरी बांधून न्यायची तयारी झाली. बघितलं तर पुसायचं फडकं लिव्हरच्या खाचेत अडकलेलं आणि लिव्हर बरोबर मधे उभा. लिव्हर अर्धवट राहिला की गाडी कुठल्याच दिशेला जात नाही, हे लक्षात ठेवा. ना पुढं ना मागं असं झालं की पहिल्यांदा लिव्हर पूर्ण पुढच्या बाजूला बसलाय का ते बघायचं, मग बाकीचं.

जागा मोकळी झाली की लिव्हर हातानं सावकाश हलवा, हाताला काय लागतंय ते नीट अनुभवा. एकदम लुळा लागला, काही ओढल्यासारखं वाटतच नाही, तर वायर तुटलीय किंवा एका टोकाला सुटलीय. खूप जड लागतोय, ओढला तर जातो पण आपोआप परत येत नाही, तर वायर आत गंजलीय नाहीतर कुठंतरी दबलीय किंवा मुडपलीय. लिव्हर छान हलतोय, दोन्हीकडं पूर्ण जातोय आणि तरीपण रिव्हर्स पडत नाही, तर अॅडजस्टमेंट बिघडलीय किंवा आत काहीतरी आहे. हे आत की बाहेर कसं ओळखायचं ते सांगतो.

मागं जाऊन इंजिनाचं झाकण उघडा. रिव्हर्सची वायर जिथं गियर बॉक्सला जाऊन मिळते तिथं एक छोटा हात, म्हणजे आर्म, असतो, वायरीनं ओढला की फिरणारा. सिलेन्सर तापलेला असेल तर थांबा, तिथं हात भाजलेली माणसं मी बघितलीत. एकाला पुढं बसवून लिव्हर ओढायला सांगा आणि तुम्ही मागं तो हात बघा. लिव्हर पूर्ण ओढला की तो हातपण त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला पाहिजे आणि लिव्हर सोडला की पूर्ण परत आला पाहिजे. अर्धाच जात असेल तर वायर ढिली झालीय. अजिबात हलत नसेल तर वायर तुटलीय. आता पुढचा लिव्हर सोडून द्या, वायरीचं टोक त्या हातातनं काढा आणि तो हात बोटानं किंवा पक्कडीनं हळूच रिव्हर्सच्या बाजूला ओढा. दात्यावर दाता आला असेल तर लगेच जाणार नाही, दगड काढून, हँडब्रेक सोडून दुसऱ्याला गाडी चार बोटं मागं-पुढं हलवायला सांगा, टक् असा बारीक आवाज येऊन तो बसतो. तो बसला म्हणजे गियर बॉक्सचं आतलं काम बहुतेक ठीक आहे, दोष वायरीचा किंवा लिव्हरचा. हाताला तो आर्म धडधाकट लागला, वायर नवीन, आणि तरीही बसतच नाही तेव्हा कुठं आत जायची गोष्ट येते. एवढी एक परीक्षा मला त्या पहिल्या गॅरेजनं करून दाखवली असती तर त्या दिवशीच गाडी घरी आली असती.

वायर फक्त ढिली असेल तर तिचा ताण कमी-जास्त करणारा अॅडजस्टर फिरवून काम होतं. त्याला आवळून धरणारा चेक नट ढिला करा, अॅडजस्टर थोडा बाहेर काढा, परत लिव्हर ओढून मागचा हात बघा, असं करत करत. पण खूप ताणून ठेवू नका ही चूक फार जण करतात. वायर जास्त ताणली की लिव्हर पुढच्या बाजूला असतानासुद्धा मागचा हात थोडा ओढलेलाच राहतो, मग रिव्हर्स मस्त पडतो पण पुढं जाताना लोड आला की गाडी कट् करून गियर सोडते. म्हणजे एक दुखणं घालवायला दुसरं आणलं. लिव्हर पुढच्या बाजूला असताना वायरीत अगदी किंचित ढिलाई पाहिजे, बोटानं वायर हलवली तर जाणवली पाहिजे, आणि ओढल्यावर हात पूर्ण टोकाला गेला पाहिजे. दोन्ही टोकं बघायची, एकच बघून चेक नट आवळायचा नाही.

वायर बदलायची असेल तर जुनी वायर सोबत घेऊनच दुकानात जा. बजाजची वेगळी, बारामतीत बनणाऱ्या आपेची वेगळी, त्यात परत पॅसेंजरची आणि मालवाहू टेम्पोची लांबी वेगळी असू शकते, नुसतं नाव सांगून आणली आणि चार बोटं कमी पडली तर परत हेलपाटा. जुनी काढायच्या आधी ती कुठनं कुठनं गेलीय त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नवीन वायर त्याच मार्गानं न्या, सिलेन्सरला चिकटणार नाही, कुठं काटकोनात वळणार नाही असं बघा. बसवायच्या आधी वायर उभी धरून वरच्या टोकातनं ऑइलचे थेंब सोडत राहा, खालच्या टोकातनं ऑइल दिसेपर्यंत. ज्या वायरीला आतनं प्लॅस्टिकचं अस्तर असतं तिला ऑइल नको असं काही कंपन्या सांगतात, पाकिटावर लिहिलेलं असेल तर तसं करा. बसवल्यावर लिव्हर दहा-पंधरा वेळा ओढून सोडा, नवीन वायर बसते आणि थोडी ढिली होते, मग परत अॅडजस्ट करा. आठ दिवसांनी अजून एकदा बघा.

आता कर्रर्र आवाजाचं. लिव्हर ओढला की दाते घासल्याचा आवाज येतो आणि अंगावर काटा येतो, हे दुखणं सगळ्यात जास्त आणि यात निम्म्या वेळा चूक गाडीची नसते, आपल्या घाईची असते. गाडी पूर्ण थांबलेली पाहिजे. थांबत आलीय, जवळजवळ थांबलीय, असं नाही चालत, चाक हलतंय तोपर्यंत रिव्हर्सच्या लिव्हरला हात लावायचा नाही, कारण पुढं फिरणाऱ्या दात्यात उलटा फिरणारा दाता तुम्ही घुसवताय. पद्धत अशी ठेवा: गाडी थांबवा, न्यूट्रल करा, रेस सोडा, क्लच मुठीपर्यंत पूर्ण दाबा, मनात एक-दोन म्हणा, मग लिव्हर एका दमात पूर्ण ओढा, मग पहिला टाका, मग क्लच हळू सोडा. लिव्हर जात नसेल तर जोर लावू नका, क्लच एकदा सोडून परत दाबा, नाहीतर गाडी थोडी हलू द्या, दात्याला जागा मिळते. पायानं लाथ मारून लिव्हर टाकणारे मी रोज बघतो, त्यांच्या गाड्यांचे दाते कोपऱ्याला गोल होतात आणि मग गियर सुटायला लागतो.

एवढं नीट करूनपण आवाज येतोय तर क्लच बघा. सपाट जागेवर पहिला टाकून क्लच पूर्ण दाबून धरा. गाडी तरीही हळूहळू पुढं सरकायला बघते का? सरकत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, इंजिनाची फिरक आत जातेय, मग रिव्हर्स टाकताना दाते वाजणारच. क्लच वायर ढिली झाली की असं होतं. मुठीवरचा क्लचचा लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर साधारण २ ते ३ मिलिमीटर मोकळा फिरावा आणि मग वायर धरावी, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो तोच खरा. फार मोकळा फिरत असेल तर अॅडजस्टर बाहेर काढा, पण अजिबात मोकळा ठेवला नाही तर क्लच घसरायला लागतो आणि प्लेटा जळतात, तेपण लक्षात असू द्या. इंजिनाचं स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, जास्त ठेवलेलं असलं तरी हाच त्रास होतो, थंडीत गाडी बंद पडू नये म्हणून आपण स्लो वाढवतो आणि उन्हाळा आला तरी कमी करायचं विसरतो. आणि थंडीत पहाटे पहिल्या भाड्याला निघताना गाडी एक-दीड मिनिट चालू ठेवून मगच गियर टाका, गार ऑइलमध्ये प्लेटा एकमेकीला चिकटलेल्या असतात.

रिव्हर्स पडतो पण सुटतो, हे जरा गंभीर. वायर पूर्ण ओढत नसेल तर दाते अर्धेच बसतात आणि लोड आला की निसटतात, म्हणून पहिल्यांदा वर सांगितलेली अॅडजस्टमेंट करून बघा, खूप गाड्या तिथंच सुधारतात. लिव्हरची खाच झिजली असेल तर लिव्हर स्वतःच पुढं घसरतो, ते डोळ्यानं दिसतं, खाचेचा कोपरा घासून चकचकीत गोल झालेला असतो. ते काम वेल्डिंगवाल्याकडं नाही तर नवीन लिव्हर किंवा नवीन खाचपट्टी टाकून करा, स्वस्तात होतं. हे दोन्ही नीट असूनपण सुटत असेल तर आतले दाते झिजलेत, किंवा गियर जागेवर धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग कमजोर झालीय, किंवा गियर सरकवणारा काटा झिजलाय. यावर लोक काय करतात, लिव्हरला ट्यूबची पट्टी बांधून ठेवतात किंवा रिव्हर्स घेताना हातानं लिव्हर दाबून धरतात. कृपा करून हे करू नका. तुम्ही दाबून धरलेला जोर सगळा त्या काट्यावर जातो, तो तापतो, अजून झिजतो आणि त्याची भुकटी ऑइलमधनं बेअरिंगपर्यंत जाते. आणि एक हात लिव्हरवर असला तर हँडल एका हातात राहतं, ते मागं जाताना किती धोक्याचं आहे ते पुढं सांगतोच.

रिव्हर्समध्येच अडकली, निघतच नाही, असं झालं तर घाबरून जोर करू नका. इंजिन बंद करा, मुठीतला गियर न्यूट्रलला आणा, क्लच दाबून धरा आणि बाहेरच्या कुणाला तरी गाडी चार-सहा इंच पुढं-मागं हलवायला सांगा, हलत असतानाच लिव्हर पुढच्या बाजूला टाका. बहुतेक वेळा निघतो. नाही निघाला तर मागं जाऊन गियर बॉक्सवरचा तो हात बोटानं पुढच्या बाजूला ढकला. हातानं गेला म्हणजे वायर गंजून आत अडकलीय, तात्पुरतं वायरीचं टोक तिथनं काढून हात पुढच्या बाजूला बसवा आणि रिव्हर्सशिवाय सावकाश गॅरेजला जा. हातोडी मारू नका, तो आर्म ज्या दांड्यावर बसतो तो वाकला की बाहेरचं शंभर-दोनशेचं काम थेट गियर बॉक्स खोलण्यावर जातं.

पुराच्या पाण्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण आमच्याकडं ते घरोघरी झालंय. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा कितीतरी रिक्षा आठ-आठ दिवस पाण्याखाली होत्या, २०२१ ला जुलैमध्ये परत तेच. त्या गाड्या धुऊन पुसून सुरू झाल्या, इंजिन चाललं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकेकाचा रिव्हर्स जड व्हायला लागला. वायरीच्या आत गाळ बसलेला होता. गाडी पाण्यात गेली असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी ऑइल काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, दोनदा तीनदा बदलावं लागतं, एकदा बदलून भागत नाही. आणि सगळ्या वायरी, क्लच, गियर, रिव्हर्स, ब्रेक, एकाच वेळी बदला, एकेक करत बसू नका.

ऑइलचा विषय निघालाच आहे तर, ऑइल बदलताना ड्रेन नटाकडं बघायची सवय लावा. ज्या नटाला लोहचुंबक असतो त्याच्यावर राखाडी लेप बसलेला दिसतो, बोटांत चोळला तर गुळगुळीत, ग्रीससारखा. तेवढं चालतंय, ती रोजची झीज आहे. पण चोळताना कण टोचला, किंवा तांदळाच्या कणीएवढा चकचकीत तुकडा दिसला, एका बाजूनं तुटका आणि दुसऱ्या बाजूनं घासून गुळगुळीत, तर तो दात्याचा तुकडा आहे. तो तुकडा कागदात बांधून ठेवा आणि मिस्त्रीला दाखवा. असा तुकडा निघाला आणि रिव्हर्सला कट-कट-कट असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर त्या दिवशी भाडं मारू नका, तो तुटका दाता दुसऱ्या दात्यात गेला तर चालत्या गाडीचं मागचं चाक जागेवर लॉक होऊ शकतं. नुसता रिव्हर्सला घूं असा वेगळा आवाज येतो त्याला घाबरायचं कारण नाही, बऱ्याच गाड्यांचा तो पहिल्यापासून तसाच असतो. ऑइलचा नंबर आणि माप पुस्तकातलंच वापरा, दोन स्ट्रोकच्या जुन्या गाडीचं आणि आताच्या चार स्ट्रोकचं सारखं नाही, शेजारच्यानं टाकलं म्हणून आपण टाकायचं नाही.

गियर बॉक्स खोलायचीच वेळ आली तर माझी एकच विनंती आहे, समोर उभं राहा. जुने दाते, काटा, गोळी-स्प्रिंग काढल्यावर हातात घेऊन बघा आणि जुने पार्ट परत मागा. दात्याचे कोपरे टोकदार आहेत की गोल झालेत हे कुणालाही दिसतं. एक गियर झिजला असेल तर त्याच्याशी जुळणारा जोडीचा गियरपण बघायला सांगा, नव्या दात्याला जुना झिजका दाता मिळाला तर नवापण लवकर जातो. आणि एकदा उघडलंच आहे तर ऑइल सील बदलून घ्या, चार पैशाच्या सीलसाठी परत इंजिन उतरवायला लागू नये.

रिव्हर्स दुरुस्त झाला की तो वापरायचा कसा यावरपण थोडं. तीन चाकी गाडी मागं घेताना पुढचं एकटं चाक विचित्र वागतं. पुढं जाताना ते आपोआप सरळ राहायला बघतं, मागं जाताना उलट, थोडं वळलं की आणखी वळायला बघतं आणि हँडल हातातनं हिसकल्यासारखं होतं. म्हणून दोन्ही हात हँडलवर आणि माणूस चालतो त्यापेक्षा कमी वेग. वेगात हँडल पूर्ण वळलं तर रिक्षा उलटते. हुडाच्या मागच्या छोट्या काचेतनं खालचं काही दिसत नाही, लहान मूल तर अजिबात दिसत नाही, त्यामुळं शाळेपुढं, सोसायटीत, लग्नाच्या मांडवापाशी उतरून मागं बघूनच रिव्हर्स घ्या. गरजेपेक्षा जास्त अंतर रिव्हर्स न्यायचं नाही हे वाहतुकीच्या नियमातच आहे.

ई-रिक्षावाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडं लिव्हर नाही, ओढायची वायर नाही, दाते बदलायचे नाहीत, मोटरच उलटी फिरते. स्विच रिव्हर्सला टाकला की कंट्रोलरला एक सिग्नल जातो आणि तो मोटर उलटी फिरवतो. त्यामुळं पुढं नीट चालतेय आणि मागं जात नाही तर मोटर बरी आहे, बॅटरी बरी आहे, स्विच किंवा त्याची तार बघा. पावसाळ्यात स्विचच्या आत पाणी जातं, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. मेन स्विच बंद करून कनेक्टर काढा, पिना घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, कोरडं करून परत लावा. तरी नाही झालं तर मल्टिमीटर लावून स्विच रिव्हर्सला टाकल्यावर आतली जोड होतेय का ते बघा, होत नसेल तर स्विच बदला, होत असेल तर मग कंट्रोलरकडं जा. पुढं जातानापण मोटर थरथरतेय, गचके देतेय, तर तो वेगळा विषय, मोटरच्या आतला सेन्सर बघावा लागेल. आणि तुमच्यातपण गाडी चालू असताना स्विच उलटा टाकायचा नाही, मूठ पूर्ण सोडायची, गाडी थांबू द्यायची, मगच स्विच.

पेट्रोल असो, सीएनजी असो, दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या दारात दोन फूट मागं घेऊन पैसे देऊ नका. मोकळ्या मैदानात न्या, मागं दोन माणसं बसवा, सपाटीवर पाच वेळा आणि थोड्या चढावर दोन-तीन वेळा रिव्हर्स घ्या, प्रत्येक वेळी लिव्हर परत पुढं टाकून पुढंपण चालवा. रिकाम्या गाडीत न सुटणारा गियर लोडवर सुटतो, आणि ते मैदानातच कळलेलं बरं. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सीट उचलतो, लिव्हरच्या खाचेतली धूळ काढतो, सांध्याला ग्रीसचं बोट लावतो, मागच्या आर्मपाशी ऑइलचे दोन थेंब टाकतो आणि वायरीच्या टोकाशी एखादी तार फुटून वर आलीय का ते टॉर्च लावून बघतो. एक जरी तार फुटलेली दिसली तर त्याच आठवड्यात वायर बदलतो.